वसतीला आलेला



तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयीची व्रते सांगितली आहेत. अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे, ही तीन आपण लहानपणापासून ऐकत आलो. चौथे मात्र प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. वसतीसाठी आलेल्या कोणासही परत पाठवू नये, असे ते आहे; आणि म्हणूनच गृहस्थाने अन्नाचा भरपूर संचय करावा, असे ऋषी लगेच पुढे सांगतात. शंकराचार्यांनी भाष्यात याचे कारण दिले आहे. ज्याला निवारा दिला त्याला जेवणही द्यावेच लागते! याला ऋषींनी दान म्हटले नाही, व्रत म्हटले. दान न घडल्यास पुण्य हुकते. व्रत मोडल्यास दोष लागतो.

तो दोष गेल्या आषाढात मला लागला. बांधकामावरील एका मजुराचे कुटुंब, दोन लहान मुलांसह, रात्री पावसातून येऊन आपल्या मंदिराच्या ओवरीत टेकले होते. पहाटेच्या पूजेपूर्वी ओवरी स्वच्छ हवी, म्हणून मी त्यांना उठविले. बाई काही बोलली नाही. तिने निजलेले मूल खांद्यावर घेतले, ओली चटई गुंडाळली आणि ती पायऱ्या उतरली. पूजा आटोपल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, "चातुर्मासात संन्यासी आला, तर त्याला आपण ओवरी देतो ना रे?" मला उत्तर सुचले नाही. त्यानंतर ओवरीच्या फाटकाला कुलूप आले, तेही माझ्याच सांगण्यावरून.

जुलै १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरच्या व झोपड्यांतल्या लोकांना ऐन पावसाळ्यात हटविण्याचे ठरले होते. ओल्गा टेलिस आदींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले. पदपथावर वस्ती करण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली, इतकेच. हे वाचून मला समाधान वाटले आणि खंतही वाटली. अन्नाच्या बाबतीत पाऊल पुढे पडले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांतील माणशी दरमहा ५ किलो धान्य हा हक्क ठरला. परंतु ते धान्य शिजवावयास चूल हवी, आणि आषाढात चुलीवर छप्पर हवे. ऋषींनी वसती आणि अन्न एकाच वाक्यात का गुंफले, ते त्या बाईची ओली चटई पाहिल्यावर मला उमगले.

ओवरी अस्वच्छ होईल, चोरी होईल, अशी शंका काही वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविली आहे. ती अगदीच निराधार नाही. दानपेटी गाभाऱ्याशेजारी हलविता येईल. झाडलोट मी स्वतः करीन. कार्तिकी एकादशीपर्यंत रात्री फाटक उघडे ठेवावे आणि उरलेला नैवेद्याचा भात तेथे ठेवावा, असा विनंतीअर्ज मी मंडळाकडे दिला आहे. तो येत्या सभेत विचारार्थ येईल. किल्ली तूर्त माझ्याजवळच आहे.