सामाईक विहीर

वाटणीपत्रात घर येतं, गोठा येतो, बांधावरचा आंबाही येतो. विहिरीपुढे मात्र ‘सामाईक’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं भाऊबंदकी त्या एका शब्दाभोवती फिरते. डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटला, एका घराच्या पंधरा चुली झाल्या. त्यातल्या मध्य आशियातल्या चुलींची गोष्ट अशीच विहिरीची आहे.

या भावांनी वाटणी मागितलीच नव्हती. मार्च १९९१च्या सार्वमताच्या अधिकृत आकड्यांनुसार मध्य आशियातल्या पाचही प्रजासत्ताकांत ९० टक्क्यांहून अधिक मतं संघ टिकावा म्हणून पडली. एस्टोनियाने त्याच सार्वमतावर बहिष्कार टाकला. १९४०पूर्वीचं स्वतःचं राज्य तिथल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं. जून १९९२मध्ये एस्टोनियाने रूबल सोडून आपला क्रून आणला आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा दर बांधून टाकला. पुढच्याच वर्षी किर्गिझस्ताननेही आपला सोम छापला. पण नोटा नव्या छापता येतात, नदी नाही.

नारिन नदी किर्गिझ डोंगरांत उगम पावते. उझबेकिस्तानच्या फरगाना खोऱ्यात कारा दर्या येऊन मिळते, तिथून ती सीर दर्या होते आणि ताजिकिस्तान, पुन्हा उझबेकिस्तान, मग कझाकस्तान असं करत अरल समुद्राकडे जाते. नारिनवर सोव्हिएत काळात तोक्तोगुलचं धरण झालं. त्याची क्षमता सुमारे १,९५० कोटी घनमीटर, म्हणजे कोयनेसारखी सहा धरणं त्यात मावतील. मॉस्कोतल्या कर्त्याचा नियम साधा होता. हिवाळ्यात पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यात खालच्या कापसाला सोडायचं. बदल्यात कडाक्याच्या थंडीत उझबेक गॅस आणि कझाक कोळसा वर किर्गिझांकडे पोहोचायचा. यात कुणी कुणाला बिल लावत नव्हतं.

फेब्रुवारी १९९२मध्ये पाचही देशांनी पाण्याचे जुने वाटे तसेच ठेवायचं ठरवलं. गॅस आणि कोळशाला मात्र आता बाजारभाव लागला. डोंगरातल्या भावाने पाण्याचे पैसे मागितले, तेव्हा पाणी देवाचं, असं त्याला ऐकवण्यात आलं. मग त्याने भर हिवाळ्यात टर्बाइनं फिरवली. खालची नदी गोठलेली, आलेलं पाणी पात्रात मावेना. ते अर्नासायच्या सखल भागात पसरलं आणि तिथली तळी फुगली. उन्हाळ्यात कापूस तहानेला. १९९८मध्ये वीज-पाणी आणि इंधनाच्या अदलाबदलीचा करार झाला, पण दरवर्षी नव्याने घासाघीस करताना तोही विरत गेला. कझाकस्तानने हिवाळी पूर अडवायला कोकसराय जलाशय बांधला. २००७-०८च्या थंडीत तोक्तोगुलची पातळी खाली गेली आणि किर्गिझ घरांतली वीज जाऊ लागली. पाण्यावरून युद्धही होऊ शकतं, असा इशारा उझबेक अध्यक्ष करिमोव यांनी २०१२मध्ये दिला.

नव्या देशांची प्रगती आपण निवडणुकांवर आणि दरडोई उत्पन्नावर मोजतो. मला त्याआधी एक प्रश्न विचारावासा वाटतो: एकत्र घरात जे हुकमाने मिळत होतं, त्याचं मोल समोरासमोर बसून ठरवता येतं का? परावलंबन संघातही होतंच; हुकमाखाली ते झाकलेलं होतं. स्वातंत्र्याने झाकण काढलं, एवढंच.

२०१६मध्ये करिमोव गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या मिर्झियोयेव यांनी शेजाऱ्यांशी बोलणी सुरू केली. नारिनवरच तोक्तोगुलच्या वर कांबाराता-१ हे धरण आता किर्गिझ, उझबेक आणि कझाक मिळून बांधायचं म्हणताहेत. मार्च २०२५मध्ये खुजंदला किर्गिझ, ताजिक आणि उझबेक अध्यक्षांनी तिन्ही सीमा कुठे मिळतात ते कायम केलं. भाऊ ओसरीवर बसले, हे खरंच मोठं.

पण घरात काय झालं तेही पाहायला हवं. २०२२मध्ये केंपिर-अबाद जलाशयाबाबत उझबेकिस्तानशी होत असलेल्या समझोत्याला विरोध करणाऱ्या वीसहून अधिक लोकांना किर्गिझ सरकारने तुरुंगात टाकलं. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं ते २०२४मध्ये. मॉस्को गेलं, पण न विचारता ठरवायची रीत घरातच राहिली.

कांबाराताची भिंत अजून उभी राहायची आहे. तिचं पाणी कोणत्या महिन्यात सुटणार, हे फरगान्यातल्या कापूसवाल्याला आणि नारिनकाठी थंडीत विजेची शेगडी लावणाऱ्या बाईला आधी विचारलं जातं की नंतर कळवलं जातं, यावरून मी या देशांची वाटचाल मोजेन.