रिकाम्या शाळेची जागा कोणाची?

शाळा ओस पडली की महापालिकेच्या सभागृहात दोनच आकडे बोलू लागतात: घसरलेला पट आणि चढलेला जमिनीचा भाव. पुनर्विकासाचा प्रस्ताव या दोन आकड्यांवर उभा राहतो. पट का घसरला, हा प्रश्न मात्र विषयपत्रिकेवर येत नाही. माझे म्हणणे असे की, जागेचा निकाल लावण्याआधी याच प्रश्नाचे उत्तर मागितले पाहिजे.

शिकागोच्या शिक्षण मंडळाने मे २०१३ मध्ये एकाच बैठकीत सुमारे ५० सार्वजनिक शाळा बंद करायचे ठरवले. वर्ग रिकामे आहेत आणि मंडळ तुटीत आहे, ही कारणे दिली गेली. दोन्ही खरी होती. पण बहुतेक शाळा शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या होत्या. त्या भागांतली सार्वजनिक घरांची मोठी संकुले आधीच्या दशकात पाडली गेली होती आणि हजारो कुटुंबे पांगली होती. आधी वस्ती हलवली गेली, मग वस्तीत मुले नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागले. पुढे बाजाराने आपली निवड केली. अपटाउनसारख्या मागणी असलेल्या भागातल्या स्टुअर्ट शाळेत सदनिका झाल्या. गरीब वस्त्यांतल्या अनेक इमारती वर्षानुवर्षे बंदच राहिल्या. जिथे सार्वजनिक आधाराची सर्वाधिक गरज होती, तिथे पुनर्विकास पोचलाच नाही.

मुंबईकराला ही गोष्ट परकी वाटू नये. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर शहरातल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीतून मोकळ्या जागा आणि परवडणारी घरे यांसाठी मोठा वाटा मिळण्याची आशा दाखवली. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि शहराच्या हाती अपेक्षेपेक्षा फारच थोडे लागले. कामगारांची मुले-नातवंडे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली. गिरणगावातल्या पालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरण्यामागे इंग्रजी माध्यमाची ओढ आहेच, पण हे स्थलांतरही आहे. सगळा दोष पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

रिकामी इमारत सांभाळायला पैसा लागतो, हे मान्य. ती तशीच पडू द्यावी, असे कोणी म्हणत नाही. फिलाडेल्फियातली १९३८ ची आठ मजली बोक तंत्रशाळा २०१३ मध्ये बंद झाली. ती न पाडता तिच्या वर्गखोल्यांत कारागीर आणि छोटे उद्योग आले, वास्तू जिवंत राहिली. मालकी मात्र खासगी कंपनीकडे गेली. उद्या तिथे पुन्हा मुले वाढली, तर त्या शहराला ही इमारत हक्काने मागता येणार नाही.

म्हणून नगरसेवकांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. प्रस्तावासोबत त्या शाळेतली मुले कुठे गेली याचा लेखी हिशेब यावा. जमीन विकू नये. मुदतीच्या भाडेकरारानेच द्यावी. बालवाडी, अभ्यासिका, दवाखाना, वाचनालय यांना पहिला हक्क असावा, आणि तोही बाजारभावाने नको, कारण लोकांनी एकदा मिळवलेल्या जमिनीची किंमत लोकांकडूनच पुन्हा घेण्यात न्याय नाही. नव्या टॉवरमध्ये शाळेला मजले देऊ, असे विकासक म्हणाला तर मैदान कुठे, हे आधी विचारावे. आरक्षण बदलायचे असेल तर कायद्याने हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यांची सुनावणी मुख्यालयातल्या दालनाऐवजी त्या प्रभागात व्हावी. हा आग्रह धरणारे नगरसेवक असतीलच, असेही नाही: मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे मुंबईचा कारभार नगरसेवकांविना, प्रशासकाच्या हाती चालला. अशा काळात जागांचे निर्णय होतात तेव्हा वस्तीच्या वतीने प्रश्न विचारणारा सभागृहात कोणी नसतो.

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार महाराष्ट्रात पाचवीपर्यंतच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. ही जबाबदारी पुढेही राहणार, पण आज विकलेली जमीन वीस वर्षांनी त्याच भागात परत घेणे कोणत्याही महापालिकेला परवडणार नाही. आजचा पट मोजता येतो, वीस वर्षांनंतरचा नाही. जो पट आपल्याला मोजता येत नाही, त्याच्या वाट्याची जागा विकण्याचा अधिकार कोणत्याही सभागृहाने स्वतःकडे घेऊ नये.