लॉगिनचा इशारा आणि संशयाचे तत्त्वज्ञान
‘नव्या उपकरणावरून लॉगिन झाले’ हा इशारा एकाच घटनेमागे दोन परस्परविरोधी शक्यता उभ्या करतो: खातेदार स्वतः किंवा चोर. भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शन या अवस्थेला संशय म्हणते. गौतमाच्या न्यायसूत्रांतील १६ पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशय तिसरा आहे. अंधुक उजेडात दिसणारी आकृती खांब की माणूस, हे त्याचे ठरलेले उदाहरण. दोहोंत सारखी असलेली उंची दिसते, भेद सांगणारी खूण दिसत नाही. लॉगिनच्या इशाऱ्याचेही तसेच: फोन साताऱ्यात असतो आणि इशाऱ्यात मुंबई झळकते, कारण ठिकाणाचा अंदाज इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून बांधलेला असतो. म्हणून नुसते गाव पुरत नाही; वेळ आणि उपकरणही ताडून पाहावे लागते.

अशा संशयात वागावे कसे, याबद्दल इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक विचारवंत कार्नेआदीस याच्या मताचे उदाहरण दोरी आणि सापाचे आहे. अंधाऱ्या खोलीत दोरीचे वेटोळे पाहून माणूस साप समजून आधी त्यावरून उडी मारतो, मग काठीने डिवचून बघतो. पूर्ण खात्री नसली, तरी तपासून घेतलेली शक्यता वागण्यापुरती पुरेशी ठरते.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये संशय टोकाला नेला: सगळे भास एखादी कपटी शक्तीच घडवत असेल तर? इशाराच बनावट असणे, हे त्या शंकेचे धाकटे रूप. न्यायमताप्रमाणे शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असेल तरच. त्यामुळे संदेशातील लिंकवर बोट न ठेवता थेट ॲप उघडून पाहणे, हीच इथली काठी.