अकरावी पायरी

मी कादंबरी लिहिते आहे हे आईला दोन वर्षांपासून माहीत होतं. तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. गेल्या श्रावणात एका दुपारी मात्र मी तिला पुराचं प्रकरण वाचून दाखवलं. तारीख २६ जुलै २००५. तेव्हा आम्ही बदलापूर पश्चिमेला तळमजल्यावर राहायचो. मी बारा वर्षांची, भाऊ सात. उल्हास नदीचं पाणी गल्लीत शिरलं, मग अंगणात, मग घरात. बाबा मुंबईत अडकलेले. वीज गेली होती आणि फोन लागत नव्हता. माझ्या प्रकरणातली आई जिन्यात बसते, तरंगत चाललेल्या गाद्यांकडे आणि डब्यांकडे बघते आणि रडते. तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा लिहिला होता. मला तो जमलाय असं वाटत होतं.

आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी रडत नव्हते गं. पायऱ्या मोजत होते. अकरावी पायरी बुडाली की तुम्हा दोघांना गच्चीवर न्यायचं असं ठरवलं होतं. नववीपर्यंत आलं आणि थांबलं."

आणि ती चहा ठेवायला उठली.

घरच्या माणसांबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक भीती असते. आतलं बाहेर काढलं म्हणून कुणी दुखावेल, बोलणं टाकेल. मीही त्या भीतीनं दोन वर्षं वही कपाटात ठेवली होती. आईचं दुखणं निराळंच निघालं. मी तिच्याबद्दल लिहिलं याचं तिला काही वाटलं नाही. त्या रात्री तिनं जे काम केलं होतं तेच मी काढून घेतलं आणि तिच्या हातात पदर दिला, हे तिला लागलं. ती रडणारी बाई मी आणली कुठून? माझ्या आठवणीत ती नाही. आठवणीत आहे ती आईची पाठ, जिन्यात खाली तोंड करून बसलेली. चेहरा मला दिसलेलाच नव्हता. तो मी वाचलेल्या शंभर गोष्टींतून उचलून तिला लावला.

वाचनाचं हे मला आता फार गांभीर्यानं जाणवतं. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली की कल्याणपर्यंत निदान पंधरा पानं होतात, पुढे गर्दी कशी असेल त्यावर. अशी वर्षानुवर्षं वाचत आले. त्या पानांनी मला भाषा दिली, आणि तयार माणसंही दिली: सोशिक आई, अबोल बाप, गच्चीवर एकटी उभी राहणारी मुलगी. लिहायला बसलं की ही मंडळी आधी येऊन बसतात आणि खऱ्या माणसांना जागाच उरत नाही. यावर उपाय म्हणून वाचन कमी करावं असं मला मुळीच वाटत नाही. ज्यांनी ऐकून लिहिलं त्यांना वाचावं.

हरी नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून आपल्या 'करमणूक'मधून क्रमशः दिली. पंचविशीतला पुरुष, आणि अख्खी कादंबरी यमुना नावाच्या मुलीच्या तोंडून, तिच्या 'मी'नं सांगितलेली. माजघरात बायका एकमेकींशी कशा बोलतात, सासरी कुठला शब्द गिळतात, हे त्यानं कुठून मिळवलं? पुण्यातल्या भरल्या घरात वाढलेला मुलगा कान उघडे ठेवून राहिला असणार. शिवाय काशीबाई कानिटकरांचा स्नेह होता. काशीबाई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या, लग्नानंतर शिकलेल्या, पुढे स्वतः लेखिका झालेल्या. त्या दोघांमधला पत्रव्यवहार मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेला आहे. त्या काळी परक्या बाईशी पुरुषानं लेखनावर मनमोकळं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. ती मैत्री नसती तर यमुनेचा आवाज इतका खरा उतरला असता का, याची मला शंका आहे. कादंबरीचं तंत्र म्हणून आपण निवेदन, कालक्रम, पात्ररचना शिकवतो. एका बाईचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेण्याची शिस्त त्या यादीत नसते.

आमच्या गावापुरतं बोलायचं तर माझा खरा गुरू कादंबरीकार नाहीच. न्यायखात्यातली नोकरी संपवून ना. गो. चापेकर बदलापुरात राहिले आणि १९३३ साली त्यांनी या गावावर पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा बदलापूर म्हणजे भातशेतीचं खेडं. त्यांनी गावातली शेती, जाती, चालीरीती असं सगळं विचारून, पडताळून लिहून ठेवलं. एवढा मोठा विद्वान एका लहानशा गावाला इतका वेळ देतो, याचंच मला पहिल्यांदा नवल वाटलं. आज जिथं टॉवर उभे आहेत तिथली माणसं त्या पानांत आहेत. गावाविषयी गहिवर आणणं सोपं होतं, त्यांनी विचारपूस केली. न्यायाधीशाची सवयच ती, समोरच्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काही लिहायचं नाही.

त्याच १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं सांगणाऱ्या त्या कथांवर केवढं वादळ उठलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. ते मालतीबाई बेडेकरांनी घेतलेलं टोपणनाव होतं हे नंतर कळलं. लहानपणापासून मी हे धाडसाचं उदाहरण म्हणून ऐकत आले. आता मला त्यात आणखी काही दिसतं. ज्या मुलींचं त्यांनी ऐकलं होतं त्यांच्यावरही त्या नावानं पदर धरला असेल. नावच माहीत नसेल तर गोष्टीतली मुलगी कोण हे शोधायचं तरी कुठं? सतरा वर्षांनी याच बाईंनी 'बळी' लिहिली, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर. सोलापूरला अशा वसाहतीचं काम त्यांनी स्वतः केलं होतं. म्हणजे पुन्हा तेच. आधी काम, सहवास, ऐकणं, आणि मग वही.

माझ्या कादंबरीत उल्हासनगरही आहे, कारण माझी कॉलेजपासूनची जिवलग मैत्रीण तिथली. कॅम्प नंबर चारमध्ये तिचं घर. तिचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले तेव्हा ही लष्कराची रिकामी छावणी होती, कल्याण कॅम्प. १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. जुने लोक आजही पत्ता सांगताना बराक नंबर सांगतात. मी पहिल्या खर्ड्यात आजोबांना 'निर्वासित' म्हटलं होतं. मैत्रिणीनं त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "दादा हा शब्द घरात येऊ द्यायचे नाहीत. ते पुरुषार्थी म्हणायचे." एका शब्दानं माझं पात्र ताठ उभं राहिलं. त्याआधी ते हात पसरून उभं होतं.

तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्या दृष्टीनं सहज. मोहन कल्पना हे सिंधी कादंबरीकार तिच्याच शहरातले. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. तिच्या आजोबांकडे त्यांची पुस्तकं होती. तिला ती वाचता येत नाहीत, कारण सिंधी ती बोलते, पण ती लिपी तिला शिकवलीच गेली नाही. आपल्याच गल्लीतला लेखक आपल्याला बंद. मी त्या रात्री झोपू शकले नाही. आपण ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्यापर्यंत ते पोहोचेलच असं नाही, हे मला ठाऊक होतं. ते असं पुस्तकांच्या कपाटापर्यंत येऊन थांबू शकतं हे ठाऊक नव्हतं. आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. तिचे डोळे आता बारीक अक्षराला थकतात.

प्रकरण मी नव्यानं लिहिलं. रडणं गेलं, पायऱ्या आल्या. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली, माझ्या कल्पनेतल्या दुःखापेक्षा मोजणाऱ्या बाईची भीती कितीतरी मोठी निघाली. नववी पायरी बुडते त्या ओळीपाशी माझा हात थांबला. बारा वर्षांची मी तेव्हा तिच्या मागे उभी होते, आणि आपला जीव कुठल्या पायरीवर टांगलेला आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं ते इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसावं.

आता ती स्वयंपाकघरातून अधूनमधून काहीतरी टाकते. परवा रात्री दिवे मालवल्यावर म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या वहिनी घातल्यास का? त्यांनीच दार उघडलं होतं. स्टोव्हवर भात टाकला, मीठ नव्हतं."

मी म्हटलं, घालते.

थोड्या वेळानं अंधारातून पुन्हा आवाज आला. "आणि स्टोव्हला पिन नव्हती. तुझ्या फ्रॉकची सेफ्टी पिन काढून दिली होती मी."