वितंडेची बदनामी

आमच्या सोसायटीत पाचशेच्या वर फ्लॅट आहेत आणि व्हॉट्सॲप ग्रुप एकच. त्यातले वीस-बावीस चेहरे मी ओळखतो. बाकीचे माझ्या लेखी फ्लॅट नंबर. मागच्या महिन्यात तिथं एक संदेश फिरत आला: रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, रोज सकाळी ग्लासभर दुधीचा रस प्या. एका बाईंनी शांतपणे लिहिलं की, दुधी कडू निघाला तर त्याच्यातल्या कुकुरबिटासिनमुळे रस विषारी ठरतो, २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा रस पिऊन दगावले आणि पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची समिती बसली. त्यावर ज्यांनी संदेश पाठवला होता त्या गृहस्थांचं उत्तर: ‘मी फक्त प्रश्न विचारतोय. डॉक्टरांना कमिशन मिळतं की नाही?’ मग: ‘गोळ्यांनी कुणाची किडनी गेली नाही का?’ मग: ‘आपले आजोबा काय गोळ्या खात होते?’ शंभरेक संदेशांनंतर एकानं हात जोडून ‘वितंडवाद पुरे’ म्हटलं आणि गृहस्थांनी, वादातून तत्त्वबोध होतो अशा अर्थाचं ते सुप्रसिद्ध संस्कृत वचन टाकून समारोप केला.

वचनाची विटंबना रोजचीच आहे. मला राग आला तो ‘वितंडवाद’ या शब्दाच्या वापराचा. तो त्या गृहस्थांना लावणं म्हणजे वितंडेवर अन्याय आहे.

आपल्या वादपरंपरेची गोष्ट सांगण्याची एक ठरलेली चाल आहे. मिलिंद आणि नागसेन येतात, मंडनमिश्र आणि शंकराचार्य येतात, हरणाऱ्याच्या गळ्यातली माळ सुकते. त्यातून एक उतरंड निघते: वाद चांगला, जल्प बेताचा, वितंडा वाईट. आयुर्वेदाचा अभिमान असेल तर चरकाचा दाखला जोडला जातो, आमचे वैद्यही कसे खुलेपणानं वाद करत. इथंच घोटाळा आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातला आठवा अध्याय उघडला, तर वैद्यांनी आपसात केलेल्या चर्चेचे दोन प्रकार दिसतात. एक संधाय संभाषा, जुळवून घेऊन केलेली. समोरचा जाणकार असावा, रागीट नसावा. त्याला निर्धास्तपणे विचारावं, त्यानं विचारलं तर मोकळेपणानं सांगावं, सरशी झाली तरी मिरवू नये. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे भांडून केलेली. तिच्यासाठी चरकानं जे लिहिलंय ते वाचून आजच्या वाहिन्यांवरचे निवेदक त्याच्या पाया पडतील. प्रतिस्पर्धी तापट असेल तर त्याला दमवा. भित्रा असेल तर घाबरवा. बोलण्यात कच्चा असेल तर वाक्य अर्ध्यावर तोडा. अभ्यास कमी असेल तर लांबलचक सूत्रपाठाखाली चिरडा. आणि गंमत अशी की, या अध्यायात ‘वाद’ हे नाव दुसऱ्या प्रकाराला आहे! जल्प आणि वितंडा हे त्याचेच दोन पोटप्रकार. गोडीच्या चर्चेला चरक वाद म्हणतच नाही.

न्यायसूत्रांत ही मांडणी पालटलेली दिसते. तिथं वाद सन्मानानं वेगळा बसतो: दोन पक्ष, प्रमाणं, तर्क आणि सत्य हेच उद्दिष्ट. जल्प आणि वितंडा जिंकण्यासाठी. पण सूत्रकार गौतमानं त्यांनाही हाकलून दिलं नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग आहे असं तो म्हणतो.

मग वितंडा म्हणजे नेमकं काय? आरडाओरडा नव्हे, मुद्दा सोडून भांडणंही नव्हे. जिच्यात स्वतःच्या पक्षाची स्थापना नाही, ती वितंडा. समोरच्याच्या म्हणण्यातले दोष दाखवायचे आणि स्वतः काहीच मांडायचं नाही. मराठीत येता येता या शब्दानं आपली व्याख्या सांडली आणि नुसता गोंगाट उरला.

ही शिस्त वाटते तितकी सोपी नाही. नागार्जुनानं आपली काही प्रतिज्ञाच नाही असं सांगून भल्याभल्यांची मांडणी खिळखिळी केली. पुढे श्रीहर्षानं ‘खंडनखंडखाद्य’ लिहून नैयायिकांची झोप उडवली. पण ज्याला पक्ष नाही त्यानं शेवटपर्यंत पक्ष नाही म्हणूनच राहायला हवं. नागार्जुन दुधीच्या रसाचं माप सांगत नाही.

न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्याच्या सुरुवातीलाच वात्स्यायनानं वितंडा करणाऱ्यासाठी एक सापळा लावून ठेवला आहे. त्याला विचारा, बाबा रे, हे सगळं तू कशासाठी करतोस? त्यानं प्रयोजन सांगितलं, तर तोच त्याचा पक्ष झाला, वितंडा संपली. नाही सांगितलं, तर तो ना साधा व्यवहारी माणूस, ना परीक्षक. आमच्या गृहस्थांना हा प्रश्न लावून बघा. त्यांचा पक्ष तर पहिल्याच संदेशात होता, गोळ्या बंद, रस चालू. पुरावा मागितला की तो पक्ष पाठीमागे दडवायचा आणि ‘फक्त प्रश्न’ पुढे करायचे. सगळे पांगले की तो परत काढायचा. याला ना गौतम वितंडा म्हणेल ना चरक. जल्पात तर चरकाच्या भांडखोर वैद्यालासुद्धा भर सभेत आपली बाजू घेऊन उभं राहावं लागत असे.

यावर हमखास मिळणारं उत्तर असं की, हा सगळा अनोळखीपणाचा दोष, समोरासमोर असते तर असं झालं नसतं. मला ते पटत नाही. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं आली, ती ‘लोकहितवादी’ या टोपणनावानं. गोपाळ हरी देशमुखांनी नाव झाकलं, म्हणणं मात्र एका ओळीतही झाकलं नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी वाळूवर वाद घालत. भोवती जमणारे बहुतेक एकमेकांना अनोळखीच असणार, पण कोण कोणत्या बाजूला आहे हे पोराटोरांनाही कळत होतं. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात टिळक, आगरकर, भांडारकर कुठं उभे होते हे वाचकाला सांगायला नकोच. कठोर बोलले, कधी अन्यायानंही बोलले. पण ‘मी फक्त विचारतोय’ अशी पळवाट कुणी घेतली नाही. उलट आमच्या गृहस्थांचं नाव, फ्लॅट नंबर, गाडी कुठं लावतात तेसुद्धा सगळ्यांना ठाऊक. दिसत नाही ते फक्त म्हणणं.

चरकसंहितेतच याच्या उलट टोकाचा प्रसंग आहे, आणि तो माझ्यावर उलटवता येईल. माणूस आणि रोग कशापासून उपजतात, यावर ऋषींची सभा भरते. कुणी म्हणतो आत्म्यापासून, कुणी मनापासून, कुणी रसापासून, कर्मापासून, स्वभावापासून, काळापासून. तेव्हा पुनर्वसू आत्रेय त्यांना थांबवतात: पक्ष धरून बसलात तर घाण्यावरच्या माणसासारखे नुसते फिरत राहाल, पोचणार कुठंच नाही. मग पक्ष मांडा म्हणणारा मी घाण्याचंच आमंत्रण देतोय का? मला तसं वाटत नाही. त्यातल्या प्रत्येकानं आपलं म्हणणं स्वच्छ सांगितलं होतं, म्हणून तर आत्रेयांना पुढची वाट दाखवता आली. जो काही सांगतच नाही, त्याला घाण्यावरून उतरवणार कसं?

वात्स्यायनाचा प्रश्न मी ग्रुपवर विचारला नाही, गृहस्थांना वेगळा पाठवला. ‘काका, तुमचं म्हणणं नक्की काय? गोळ्या सोडायच्या?’ दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी आलं: ‘आमच्या दोघांच्या गोळ्यांना महिन्याला अडीच हजार लागतात. पेन्शन किती, ते विचारू नका.’

हा होता पक्ष. शंभर संदेशांत तो एकदाही आला नव्हता.

संध्याकाळी आम्ही खाली बाकावर बसलो. चिठ्ठी बघितली, त्यातली कोणती औषधं जनऔषधी केंद्रात मिळतील ते डॉक्टरांनाच विचारून घ्यायचं ठरलं. गोळ्या चालू आहेत. दुधीचा रसही ते अजून पितात, पण आधी तुकडा चाखून.