आर नदीचा पूर आणि ईश्वराचा न्याय

जर्मनीतील आर नदी बॉनच्या दक्षिणेला, सिंझिगजवळ ऱ्हाइनला मिळते. तिच्या खोऱ्यातले द्राक्षमळे सगळे मिळून जेमतेम साडेपाचशे हेक्टर. मुलूख थंड, पन्नास अंश उत्तर अक्षांशापलीकडचा. तरी तिथे प्रामुख्याने लाल वाइन होते, तीही बहुतांशी पिनो न्वार या लहरी द्राक्षाची. हे श्रेय जमिनीचे. पाटीच्या दगडाचे उभे, दक्षिणाभिमुख उतार दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात.

१४ जुलै २०२१ च्या रात्री हीच भूरचना जिवावर उठली. दगडावर माती पातळ, खोरे अरुंद. मुसळधार पाऊस जिरायला जागाच नव्हती. १३० हून अधिक माणसे दगावली. सिंझिगमध्ये अपंगांच्या निवासगृहातच १२ जण बुडाले.

ईश्वराच्या न्यायाच्या समर्थनार्थ तत्त्वज्ञ लाइब्निट्सने १७१० मध्ये मांडलेला युक्तिवाद इथे चपखल बसेल असे वाटते: सृष्टीचे नियम एकसंध आहेत, त्यातले हितकारक तेवढे ठेवून घातक वगळता येत नाही. ऊब हवी तर दगड हवा, दगड आला की पूरही आला. पण ऊब एकाच्या वाट्याला आणि पूर दुसऱ्याच्या, ही वाटणी त्यातून न्याय्य ठरत नाही. अनर्थातून चांगले निपजते, हे समर्थनही अपुरे आहे. बुडालेल्या तळघरांतून काढलेल्या वाइनच्या बाटल्या अंगावरच्या वाळलेल्या चिखलासकट विकल्या गेल्या आणि मदतीसाठी ४० लाख युरोंहून अधिक जमले. ही करुणा खरीच. मात्र तिच्यासाठी पूर यायला हवा होता, असे कोणी म्हणणार नाही.

१७५५ च्या लिस्बन भूकंपावर फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने विधात्याला जाब विचारला, तेव्हा तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्रातून सुनावले की दाटीवाटीची उंच घरे निसर्गाने बांधली नव्हती. आरच्या बाबतीत हे जास्त झोंबते. १८०४ आणि १९१० मध्येही तिथे भीषण पूर आले होते. तरी पुराच्या धोक्याचे नकाशे १९४७ नंतरच्या मोजमापांवर बेतले गेले. निसर्गाच्या माथी मारलेल्या दोषाचा बराच वाटा असा माणसाकडे येतो. तरीही रूसोच्या उत्तराने ईश्वराची सुटका होत नाही. नकाशे काढणारे वेगळे होते आणि निवासगृहात झोपलेले ते १२ जण वेगळे. एकाच्या हलगर्जीपणाची शिक्षा दुसऱ्याला का, हा प्रश्न विधात्याच्या दारी तसाच राहतो.