नांवाचा धनी कोण?

मुलाचें नांव ठेवणारा एक, तें जन्मभर वागविणारा दुसरा, आणि तें उच्चारणारे तिसरेच. या तिघांपैकीं नांवाच्या अर्थावर खरा हक्क कोणाचा, हा प्रश्न बारशाच्या गडबडींत कोणास सुचत नाहीं. आणि व्युत्पत्तिकोश उघडून बसलें तरी त्याचें उत्तर सांपडत नाहीं.

ठाणें जिल्ह्यांत आसनगांव व खर्डी यांच्या दरम्यान आटगांव हें स्टेशन लागतें. या बाजूस, शहापूर व मुरबाड तालुक्यांत, ठाकूर आणि कातकरी यांच्या पुष्कळ वाड्या आहेत. तेथील जुन्या पिढींत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशीं नांवें आढळतात. ज्या वारीं मूल जन्मलें तो वार हेंच त्याचें नांव. शहरांतल्या वाचकास याचें हसूं येईल. पण आपले जोशीबुवा तरी निराळें काय करतात? मूल अश्विनी नक्षत्रावर झालें तर पंचांगांतून चू, चे, चो, ला हीं अक्षरें काढून ते नांव सुचवितात, म्हणजे जन्मवेळेचीच खूण मुलाच्या कपाळीं लावतात. ठाकरानें तेंच काम दक्षिणा वांचवून केलें, इतकाच फरक.

दगडू, धोंडू, केरू, भिकू या नांवांची गोष्ट अधिक खोल आहे. त्यांचे अर्थ कोशांत पाहणें व्यर्थ होय. जिचीं आधींचीं मुलें गेलीं ती आई या मुलाला काळाच्या दृष्टीस क्षुद्र दिसेल असें नांव देई. एकाद्यास केरांत लोळवीत, एकाद्याचें नाक टोंचून त्यास नथू म्हणत. शब्द तिरस्काराचा, आणि त्याच्या पोटीं पराकाष्ठेची माया! याच्या नेमकें उलट मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत पहावें. ब्राह्मणाचें नांव मंगल, क्षत्रियाचें बलयुक्त, वैश्याचें धनयुक्त, आणि शूद्राचें मात्र निंद्य असावें, असा तेथें दंडक आहे. आतां 'धोंडू' हा एकच शब्द घ्या. आईनें ठेवला तर तें कवच. शास्त्रकारानें लादला तर तो डाग. तेव्हां नांवाचा पहिला अर्थ धातूंत नसून ठेवणाराच्या हेतूंत असतो, असें मला वाटतें.

पण हेतु तेथेंच संपतो. आटगांवाजवळच्या माहुली किल्ल्यावर १६३६ मध्यें शहाजीराजांनीं मोगल व विजापूरकर या दोघांच्या फौजांशीं शेवटची झुंज दिली. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरास केलेल्या नवसावरून शहाजी व शरीफजी हीं दोघां भावांचीं नांवें पडलीं, अशी परंपरा आहे. आज शहाजी हें नांव ऐकून तो पीर कितीजणांना आठवतो? शिवरायांचे वडील तेवढे आठवतात. नवस मालोजींचा होता. नांवांतला अर्थ पुत्रानें व नातवानें भरला.

नांवांत कांहींच नाहीं, असें म्हणणारेहि आहेत. नामसिद्धि जातकांत पापक नांवाचा एक शिष्य चांगलें नांव शोधण्यास निघतो. त्याला जीवक नांवाच्या माणसाचें प्रेत भेटतें, धनपाली नांवाची निर्धन दासी भेटते, पंथक नांवाचा वाट चुकलेला वाटसरू भेटतो. आणि पापक समाधानानें परततो. कथा गोड आहे. पण नांवावरून नशीब ठरत नाहीं, एवढेंच तिनें सिद्ध होतें. चारचौघांत 'पापका' अशी हांक आली म्हणजे त्या मुलास काय वाटे, हें ती विचारीत नाहीं.

मला तर खरी अडचण या तिसऱ्या पक्षाचीच वाटते. मराठींत जी, राव, पंत, शेट हे प्रत्यय जसे मान वाढवितात, तसा 'या' हा एक विलक्षण प्रत्यय आहे. आई 'राम्या' म्हणते आणि सावकारहि 'राम्या' म्हणतो. व्याकरण दोघांचें एकच! वाडीवर 'बुध्या' ही बरोबरीच्या माणसाची हांक. ठेकेदाराच्या तोंडीं तीच हांक माणसाला दोन पायऱ्या खालीं उतरविते. आणि आपल्याकडे बापाचें नांव मुलाच्या नांवामागोमाग चालतें. मुलगा रोहन झाला तरी प्रत्येक अर्जावर मधोमध 'बुध्या' लिहावें लागतें, आणि वर्गांत हशा पिकला कीं तो बापाच्या नांवाचें एकच अक्षर लिहूं लागतो. त्याला दोष देणें सोपें आहे. पण लाज वाटावयाची ती हंसणारांना; 'बुधवारीं जन्मलेला' यांत लाजेसारखें आहे तरी काय? राजपत्रांत जाहिरात देऊन नांव बदलतां येतें, हंसणारांचे कान बदलत नाहींत.

याच मुलखांतून, मुरबाडकडून, नाणेघाट जुन्नरला चढतो. घाटमाथ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या नाहींशा झाल्या. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें राहिलीं. राजा सिमुक सातवाहन, कुमार भायल, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरि. एके ठिकाणीं राणी नायनिकेचें नांव आधीं आहे आणि राजा सातकर्णीचें मागून. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवापुढें बापाच्या आधीं आईचें नांव लिहिण्याचा नियम झाला, तेव्हां हा शिलालेख कितीजणांना आठवला असेल कोण जाणे! हकुसिरि हें 'शक्तिश्री'चें प्राकृत रूप मानतात. नांव भारदस्त खरें. पण घरांत नायनिका त्या कुमाराला काय म्हणून हांक मारी, तें मात्र तेथें कोरलेलें नाहीं.